फुटपाथवर घेतलेली तोंडी परीक्षा

बंगळुरात अनोळखी माणसाने मराठीत हाक मारली, की मला प्रथम राग येतो. पूर्वी असे नव्हते. पुण्याहून नोकरीसाठी इथे आले त्या पहिल्या वर्षी माझे मराठी आईच्या फोनपुरते आणि आत्याकडच्या एखाद्या जेवणापुरते उरले होते. कार्यालयात इंग्रजी, कॅन्टीनमध्ये हिंदी, आणि रिक्षावाल्याशी ‘स्वल्प मुंदे’, म्हणजे थोडे पुढे, एवढ्यावर निभावणारे कन्नड. अशा दिवसांत महादेवपुऱ्यातल्या एका भाजीच्या दुकानाबाहेर एका माणसाने विचारले, “ताई, मराठी येतं का?” आणि मी थांबले. नुसती थांबले नाही, हसलेसुद्धा.

त्याच्यासोबत बायको होती, कडेवर मूल होते. परभणीकडचे आहोत, कंत्राटदार कामाला म्हणून घेऊन आला आणि सोडून पळाला, पोराने सकाळपासून काही खाल्ले नाही, असे तो म्हणाला. मी एकही प्रश्न न विचारता पाकिटात होते ते सगळे दिले. संध्याकाळी आईला फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या आवाजात चक्क आनंद होता. कुणीतरी आपल्या भाषेत बोलले, याचा.

दीड महिन्याने तोच माणूस दुसऱ्या रस्त्यावर भेटला. बायको तीच होती, मूल वेगळे होते, वाक्य तेच. त्याने मला ओळखले नाही.

“मुलगा बदललात का?” मी विचारले.

क्षणभर तो गडबडला आणि लगेच सावरून म्हणाला, “ताई, गरिबाची चेष्टा करू नका.”

पैसे गेल्याचा राग दोन दिवसांत ओसरला असता. माझा ओसरला नाही, कारण त्या माणसाने माझा अभ्यास केला होता. परमुलखात एकटे राहणारे मराठी माणूस स्वतःची भाषा कानावर पडली की ढिले पडते, हे निरीक्षण अचूक होते. माझ्याच व्यवसायातल्या कुणी ते केले असते, तर मी त्याचे कौतुक केले असते. पण मी आईशी ज्या भाषेत बोलते, ती त्याने माझ्या खिशात हात घालण्यासाठी वापरली होती. आणि एवढे करून माझा चेहरा लक्षात ठेवण्याचे कष्टही घेतले नव्हते.

मग मी एक नियमावली लिहिली. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा फोनवर एक गट आहे. गणपतीची वर्गणी, उकडीच्या मोदकांची ऑर्डर, पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर मागवायचा गोडा मसाला, असे त्याचे विषय. तिथे मी लिहिले: मराठीतून मदत मागणाऱ्यांना रोख रक्कम देऊ नये. तिकीट काढून देण्याची तयारी दाखवावी. नकार आल्यास संशय पक्का समजावा. गावाविषयी, प्रवासाविषयी तपशील विचारावेत. दिलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावून पाहावा. खोटेपणा उघड झाल्यास छायाचित्र काढून इथे टाकावे, म्हणजे इतर सावध होतील. पाठवण्यापूर्वी मजकूर मी चार वेळा तपासला होता. “मॅडम, एक नंबर!” असे उत्तर दोन मिनिटांत आले. “असं शास्त्रशुद्ध कुणीतरी लिहायलाच हवं होतं,” असे दुसरे. ते वाचून मला झालेले समाधान मी इथे लपवत नाही.

रोगनिदानाच्या चाचण्या तयार करणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. रक्तातला एखादा घटक किती असला की माणसाला आजारी म्हणायचे, ती सीमारेषा ठरवणाऱ्या गटात मी आहे. रेषा खाली आणली, तर धडधाकट माणसे आजारी ठरतात. वर नेली, तर आजारी माणसे धडधाकट ठरून घरी जातात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. म्हणून यांतली कोणती चूक अधिक महाग पडेल, हे चाचणी करण्यापूर्वी ठरवावे लागते. नव्याने रुजू होणाऱ्यांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. नियमावली लिहिताना मी हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नाही.

त्यानंतर वर्षभराने, मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी सुटी असूनही कार्यालयात निघाले होते. सोमवारी अकरा वाजता संचालकांपुढे माझे सादरीकरण होते आणि गटप्रमुखाचे पद त्यावर अवलंबून होते. कोपऱ्यावरच्या शहाळेवालीकडे मी नेहमीप्रमाणे थांबले. ती शहाळे तासत असताना मागून आवाज आला.

“ताई, मराठी येतंय का?”

तेच वाक्य. मी वळले तेव्हा माझे कान तापले होते.

पस्तिशीतली बाई होती. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत मळलेले प्लास्टर, बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी, दोघींत मिळून एक पिशवी.

“येतं. बोला.”

“आमी तुळजापूर तालुक्यातले. इथं मागं बांधकामावर होते मी. महिन्याखाली पडले, हात मोडला, फोन पण फुटला. सैपाकाला कोण न्हाई म्हणून हिला गावाकडनं बोलावून घेतली. आता काम उरकलं, शेड काढली. मुकादम परवा म्हणला सकाळी तिकीट आणून देतो, तर कालपास्नं त्याचा पत्ता न्हाई. हिचा सोमवारी दहावीचा पेपर हाय. पैसे हातात देऊ नका, ताई. सोलापूरच्या गाडीत बसवून द्या, तेवढंच.”

माझ्या नियमावलीप्रमाणे इथे संशय कमी व्हायला हवा होता. माझा वाढला. पैसे नकोत, तिकीट द्या, हे वाक्य यांना कुणी शिकवले? माझा मजकूर इतका फिरला, की तो आता यांच्यापर्यंतही पोचला, असे मी धरून चालले. तिकीट रद्द केले की पैसे परत मिळतात, हेही मला सुचले.

“हॉल तिकीट दाखव,” मी मुलीला म्हटले.

“मामाकडं हाय. मामानं शाळेतनं आणून ठेवलंय.”

“दहावीला आहेस ना? मग पाण्याचं असंगत आचरण सांग.”

शहाळेवालीचा कोयता थांबला. आईने मुलीकडे पाहिले. मुलीने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वर्गात उभे राहावे तशी त्या फुटपाथवर ताठ उभी राहिली.

“शून्य ते चार अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी तापवलं तर ते प्रसरण पावत नाही, आकुंचन पावतं. चार अंशाला त्याची घनता सगळ्यात जास्त असते. चारच्या पुढं तापवलं की मग प्रसरण पावतं.”

“हे प्रयोगाने कसं दाखवतात?”

“उंच भांडं असतं. त्याच्या मधल्या भागाला बाहेरनं बर्फ आणि मीठ. वर एक तापमापी, खाली एक. खालची आधी चारवर येऊन थांबते. नंतर वरची उतरते, शून्यापर्यंत.”

उत्तर पूर्ण बरोबर होते. मी ‘बरोबर’ म्हटले नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी, पाठ करून घेतले असणार, असा विचार करत होते.

“मामाचा नंबर सांगा.”

बाईने क्रमांक तोंडपाठ सांगितला. मी लावला. घंटा शेवटपर्यंत वाजली. कुणी उचलला नाही.

“गिरणीवर असंल, ताई. पिठाची गिरणी हाय त्याची. चालू असली की ऐकू येत न्हाई त्याला.”

“उत्तर तयारच होतं,” मी म्हटले, आणि फोन वर करून छायाचित्र काढले. बाईने प्लास्टरचा हात मुलीच्या चेहऱ्यापुढे धरला, पण तिला थोडा उशीर झाला.

“फोटो कशाला, ताई? आमी काय चोरी केली का?”

शहाळ्याचे पैसे देऊन, ते न पिता, मी रस्ता ओलांडला आणि कार्यालयाच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या छायाचित्र गटावर टाकले. खाली लिहिले, ‘नवी पद्धत. दहावीच्या परीक्षेचे कारण. सावध राहा.’

दुपारी मी येलहंक्याला आत्याकडे जेवायला गेले. आत्याचे यजमान सरकारी कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षे इथे राहून आत्याच्या मराठीत कन्नड मुरले आहे. मागणाऱ्याला ती न विचारता देते, यावरून आमचा जुना वाद. म्हणून सकाळची हकिगत मी तिला जरा रंगवूनच सांगितली.

“अय्यो! रस्त्यात उभी करून परीक्षा घेतलीस पोरीची?”

“आत्या, तुला कळत नाही. धंदा असतो यांचा.”

“उत्तर आलं का तिला?”

“आलं. पण पाठ करून घेतलेलं.”

“आणि आलं नसतं तर?”

“तर सरळच खोटं.”

“सरी, बरं,” आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढू लागली. “म्हणजे आलं तरी नापास, नाही आलं तरी नापास. आमच्या ह्यांच्या कारखान्यात असलं मोजमापाचं यंत्र आलं असतं ना, तर ह्यांनी ते गेटवरूनच परत पाठवलं असतं.”

मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. क्रमांक सकाळचाच होता. आत्याला ऐकवावे म्हणून मी स्पीकर लावला. साथीदाराचा फोन असणार, अशी माझी खात्री होती.

“हॅलो, ह्या नंबरवरनं सकाळी फोन आलता. गिरणी चालू होती. आता लाइट गेली, तवा बघितला. कोण बोलतंय?”

“बंगळुरूहून. तुमची बहीण…”

“काय झालं तिला? पोरगी निघाली का? सोमवारी मराठीचा पेपर हाय. दोन दिस आधी ये म्हणून बजावलेलं तिला. हॉल तिकीट आणून देवाच्या फोटोमागं ठेवलंय मी. निघाली का ती?”

परीक्षेविषयी मी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. आत्याने गॅस बंद केला.

“पेपर तूच काढलास ना?” ती म्हणाली. “आता निकाल पण तूच लाव. ऊठ.”

त्या दोघींना शोधून कळवते, असे मामाला सांगून आम्ही निघालो. येलहंक्याहून महादेवपुऱ्याला यायला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासात मी प्रथम त्या परभणीवाल्याला शिव्या दिल्या. खऱ्या माणसांची खरी अडचण उचलून त्याने ती इतकी वापरली होती, की ज्याच्यावर ती खरोखर येईल त्याच्यासाठी शब्दच शिल्लक राहिले नव्हते. आत्याने मला थांबवले असते तर बरे झाले असते.

कोपऱ्यावर कुणी नव्हते. शहाळ्याची गाडीही निघून गेली होती. मी राहते त्या इमारतीच्या फाटकावरचा रखवालदार मला पाहून पुढे आला.

“मॅडम, वो फोटोवाली दोनों आई थी. साहब लोगों ने फोटो दिखाया था, मैंने गेट से ही भगा दिया.”

त्याला शाबासकी हवी होती.

मी गटावरून छायाचित्र काढून टाकले. तोवर ते इतरत्र गेले होते. एका ठिकाणी त्याखाली ‘मुले पळवणाऱ्या बायका’ असे लिहिलेले मला दिसले. ज्याने ते पुढे पाठवले त्याला मी फोन करून काढायला सांगितले, तर तो हसून म्हणाला, “अहो मॅडम, तुमचीच पोस्ट आहे ना ती?” मी त्याच्यावर ओरडले. तो चुकीचे काही बोलला नव्हता. त्या शनिवारी अंधार पडेपर्यंत आम्ही बसथांबे, देवळे, बांधकामांची पत्र्याची कुंपणे पाहत फिरलो. त्या दोघी सापडल्या नाहीत.

रविवारी सकाळी मामाचा पुन्हा फोन आला. बहिणीने कुणा बाईच्या फोनवरून संपर्क केला होता. त्या बाईने दोघींना आपल्या खोलीवर नेले होते.

“कुठे? पत्ता द्या, मी आत्ता येते. गाडी करून देते सोलापूरपर्यंत.”

तो घुटमळला. “मी सांगितलं तिला, त्या ताई शोधतायत म्हणून. ती नको म्हणाली.”

“नको म्हणजे?”

“परत फोटो काढतील म्हणाली. जिनं ठेवून घेतलंय ती आज धंदा झाला की तिकीट काढून देणार हाय. संध्याकाळच्या गाडीनं येतील.”

“अहो, संध्याकाळी निघून सकाळी केंद्रावर कशा पोचतील? गाडीला उशीर झाला तर? तुम्ही त्यांना समजवा!”

“समजावलं, ताई. ती ऐकत न्हाई.”

मी त्याच्याकडे तो क्रमांक मागितला. बहिणीने देऊ नको म्हटले आहे, असे तो अतिशय नम्रपणे म्हणाला. माझ्याकडे पैसे होते, गाडी होती, अख्खा दिवस रिकामा होता, आणि एक बाई हे सगळे नाकारून मुलीचा पेपर पणाला लावत होती. मला तिचा भयंकर राग आला. मुलीच्या वर्षापुढे असला ताठा कशाला, असे मी आत्याला फोनवर म्हटले.

“ताठा नाही गं तो,” आत्या म्हणाली. “तुझी भीती वाटते तिला.”

मी फोन ठेवून दिला. कुणाला माझी भीती वाटावी, असे माझ्या आयुष्यात तोवर घडले नव्हते.

सोमवारी अकरा वाजता माझे सादरीकरण झाले. ते उत्तम झाले. कोणती चूक अधिक महाग, या मुद्द्यावर एका संचालकांनी माझे विशेष कौतुक केले.

एक वाजता मी खाली उतरले. शहाळेवाली जागेवर होती. मी पैसे पुढे केले, पण तिने कोयता उचलला नाही.

“कल रात बस में बिठाया दोनों को,” ती तुटक हिंदीत म्हणाली. “परसों गाड़ी पे इतना पैसा नहीं था मेरे पास. कल बिक्री हुआ, तब टिकट लिया.”

म्हणजे तीच ती बाई. वर्षभर मी तिच्याकडून रोज शहाळे घेत होते. शनिवारचा सगळा प्रकार तिने तीन हातांवरून पाहिला होता.

“तुम्हें कैसे पता चला कि वो सच बोल रहे हैं?” मी विचारले.

तिने माझ्याकडे असे पाहिले, की प्रश्नच तिला कळला नसावा. “मेरे को उनका भाषा किधर आता है, मेडम? बच्ची रो रही थी.”

मुलगी माझ्यासमोर रडली नव्हती. मी रस्ता ओलांडल्यावर रडली असणार.

मी पाकिटातल्या सगळ्या नोटा काढल्या. तिने त्यांतली शहाळ्यापुरती एक घेतली, बाकीच्या माझ्या हातात परत दिल्या आणि मग कोयता उचलला.

दोन वाजता मी मामाला फोन लावला.

“वाटेत टायर फुटला गाडीचा. सोलापूरला उतरायलाच साडेनऊ झाले, तिथनं एस.टी. धरली, केंद्रावर पोचलो तवा बारा वाजून गेलते. आत घेतलं न्हाई. मराठीचा गेला. बाकीचे देतीय. त्याला जुलैत बसंल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला काहीतरी बोलता आले असते. मी पैसे पाठवते म्हटले. पुस्तकांसाठी, पुढच्या शिक्षणासाठी, वाटेल त्यासाठी.

“आता कशाला, ताई,” तो म्हणाला. “थांबा, पोरगी काय तरी विचारतीय.”

फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली.

“ताई, मी बोलतीय. ते पाण्याचं उत्तर बरोबर होतं का? तुमी काही बोललाच न्हाई.”

“हो. पूर्ण बरोबर होतं.”

“प्रयोगाचं पण?”

“प्रयोगाचंही.”

“मग?”

तिने हे उर्मटपणे विचारले नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. एखादा गुण कुठे कापला, हे विचारणाऱ्या मुलीचा तो आवाज होता. मी स्वतः असा आवाज काढून शिक्षकांच्या मागे मागे फिरले आहे.

मी तोंड उघडले. तिकडे लाइट आली असावी. गिरणी सुरू झाली, आणि त्या घरघरीत ती दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाली. “ऐकू येत न्हाई, ताई,” असे ओरडून तिने फोन ठेवला. मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.